एक्स-रेवाल्या दादांना, कोपराच्या त्या फोटोसाठी

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. नागपुरात धंतोलीतल्या त्या एक्स-रे सेंटरवर मागच्या आठवड्यात पेढे घेऊन आले, तर तुम्ही तिथली नोकरी सोडल्याचं कळलं. म्हणून हे पत्र असं उघड लिहिते आहे.

आठवतं का बघा. मे महिन्यातली भर दुपार, आठ वर्षांची पोरगी, उजवा हात. चिठ्ठीवर फक्त मनगटाचा फोटो लिहिलेला. तुम्ही तिला म्हणालात, "बाळा, आता हात उताणा कर." तिनं खांदा वाकवला, अख्खं अंग कलतं केलं, पण तळहात काही वर येईना. तुम्ही मशीन सोडून तिच्याजवळ आलात आणि मला विचारलंत, "ताई, कधीपासून असं होऊन राहिलं?"

सव्वा वर्षापासून, दादा. आदल्या वर्षी संक्रांतीला पतंगीमागे धावताना ती गच्चीच्या जिन्यावरून पडली. घराजवळच्या दवाखान्यात फोटो निघाला. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी करंगळीकडचं हाड मोडलं होतं, प्लास्टर लागलं, दीड महिन्यानं सुटलं. हाड जुळलं, आता काळजी नाही, असं सांगितलं. त्या फोटोत कोपर धड आलंच नव्हतं. पुढे घास घेताना हात तोंडापर्यंत पोचेना, ती मानच खाली न्यायची. टेकडीच्या गणपतीला तीर्थ तळव्यावरून ओघळून जायचं आणि मी तिलाच रागवायचे, "नीट धर ना गं!" ते आठवलं की आजही पोटात कालवतं. मालिश करणाऱ्याकडेही नेलं. कोपराच्या दुखापतीवर जोरात चोळलं तर सांध्याभोवती नको तिथे हाड धरू शकतं, हे नंतर कळलं.

तुम्ही चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावलात, परवानगी घेतलीत आणि कोपराचा फोटो काढलात. तुलनेसाठी डाव्या कोपराचाही. "हाड मोडलं तर वरचा-खालचा दोन्ही सांधे दिसले पाहिजेत," एवढंच बोललात. वर म्हणालात, "मी डॉक्टर नाही, पण लहान मुलांच्या हाडांच्या सर्जनला आजच दाखवा."

सर्जननी तो फोटो उजेडावर लावला आणि पट्टी-पेन्सिल घेतली. अंगठ्याकडच्या हाडाच्या मधून काढलेली रेष दंडाच्या हाडाच्या गोल टोकातून गेलीच पाहिजे, फोटो कुठल्याही बाजूनं काढा. डाव्या कोपरात ती बरोबर गेली. उजव्यात समोरून निसटून गेली. करंगळीकडचं हाड मोडताना अंगठ्याकडच्या हाडाचं डोकं कोपरातून सुटलं होतं, आणि ते कुणी बघितलंच नव्हतं. मोडलेलं हाड वाकडंच जुळलं, त्यामुळे डोकं बाहेरच राहिलं. या दुखापतीला मॉन्टेजिया म्हणतात. मिलानच्या मॉन्टेजिया नावाच्या सर्जननी 1814 मध्ये तिचं वर्णन केलं. एक्स-रेचा शोध 1895 चा! त्यांच्या रुग्णांतही एक मुलगीच होती, महिनाभराची पट्टी सुटल्यावर तिच्याही हाडाचं डोकं पुन्हा बाहेर आलं होतं. आमच्याकडे तर एक्स-रे होता, दादा.

जून महिन्यात ऑपरेशन झालं. जुळलेलं हाड मुद्दाम कापून, योग्य कोनात वळवून, प्लेट-स्क्रूनं बसवलं. डोकं जागेवर आणलं. त्याला धरून ठेवणारा बंध कोपरामागच्या स्नायूवरच्या पडद्याची पट्टी घेऊन नव्यानं केला. मग सहा आठवडे दंडापासून प्लास्टर. आणखी काही वर्षं गेली असती तर ते डोकं वेडंवाकडं वाढलं असतं, मग जागेवर बसवणं कठीण, असं सर्जन म्हणाले. म्हणून तुमचं ते "आजच" मला इतकं मोलाचं वाटतं. हे वाचणाऱ्या आईबापांनाही हात जोडून सांगते, प्लास्टर सुटल्यावर लेकराचा तळहात वर होत नसेल, कोपर पुरतं मिटत नसेल, तर कोपराचा फोटो काढून घ्या.

हात अजून डाव्याइतका फिरत नाही. व्यायाम रोज चालू आहे, कधी रडून, कधी गाणं म्हणत. घास मात्र आता मान न वाकवता तोंडात जातो.

परवा मंगळवारी टेकडीवर गेलो होतो. पुजाऱ्यांनी पळीभर तीर्थ दिलं. तिनं तळव्याकडे बराच वेळ पाहिलं, मग प्यायली. "आई, सांडलं नाही," म्हणाली.

तुमची ऋणी,
हुडकेश्वरची एक आई