बंट शिकवायचा तर आधी बोटांची भीती काढ

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. शाळेने सॉफ्टबॉलबरोबर बेसबॉलची टीम पण तुझ्याकडेच दिली हे ऐकून खरंच खूप आनंद झाला, आणि त्यात तू पहिला प्रश्न होमरनचा न विचारता बंटचा, म्हणजे बॅट न फिरवता आडवी धरून बॉल हळूच जवळच टाकण्याचा, विचारलास याचा त्याहून जास्त. इथे न्यू जर्सीत मी पोरांच्या टीमला मदत करतो तिथे पण बंट म्हणजे प्रॅक्टिसच्या शेवटची पाच मिनिटं, ते पण पाऊस आला नाही तर. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, फोनवर हे नीट सांगता येणार नाही.

तू म्हणालास ना की पोरं डोळे मिटतात, बॅट खाली पाडतात, ऐनवेळी मागे सरकतात, आणि प्रत्येकाला वेगळं काय सांगू? मला विचारशील तर या तिन्हीचं मूळ एकच आहे, भीती. बोटांची आणि तोंडाची. बेसबॉलचा बॉल जवळजवळ क्रिकेटच्या बॉलएवढाच जड आणि टणक, मोठ्यांच्या मैदानात पिचर (बॉल टाकणारा) 60 फूट 6 इंचांवर, म्हणजे 22 यार्डांपेक्षाही जवळ, आणि बॉल टप्पा न पडता थेट येतो. अशा बॉलसमोर एक हात बॅटच्या बॅरलपाशी (जाड भागापाशी) नेऊन ठेव म्हटल्यावर कुठलंही शहाणं पोर घाबरणारच. तेव्हा नुसतं "घाबरू नको रे" म्हणून उपयोग नाही, बोटं सुरक्षित कुठे राहतात ते दाखवून द्यायला लागतं.

पहिली ग्रिप. वरचा हात बॅटवर साधारण लेबल असतं तिथपर्यंत सरकवायचा, पण मूठ आवळायची नाही. अंगठा वर, तर्जनी मागून वाकवलेली, बाकीची बोटं बॅरलच्या मागे दुमडलेली, म्हणजे पिचरच्या बाजूने बघितलं तर एकही बोट दिसलं नाही पाहिजे. तू स्वतः पिचरच्या जागी उभा राहा आणि प्रत्येकाला विचार, "मला बोट दिसतंय का?" पोरांना हा खेळ वाटतो आणि एकदा त्यांना पटलं की बोटाला लागत नाही, की अर्धं काम झालं. सुरुवातीला टेनिस बॉल वापर, खऱ्या बॉलची घाई करू नको, आणि खरा बॉल घेतलास की हेल्मेटशिवाय कुणालाही उभं करू नको. आणखी एक, बॉल अंगावर आला तर काय करायचं हे पण पहिल्याच दिवशी शिकव: तोंड आणि छाती मागच्या कॅचरकडे वळवायची, पाठ पिचरकडे, बॅट खाली. बॉल चुकवता येतो हे कळलेलं पोर समोर टिकून उभं राहतं.

मग पाय. पूर्ण वळून दोन्ही पाय पिचरसमोर आणायची जुनी पद्धत आहे, मला ती आवडत नाही, कारण अंग सगळं उघडं पडतं आणि बॉलला बॅट लागताना पाय होम प्लेटवर (बॅटरच्या बाजूला जमिनीत बसवलेली पांढरी पाटी) असला तर बॅटर आउट. त्यापेक्षा नेहमीच्या स्टान्समधूनच पायांच्या चवड्यांवर वळायचं आणि बॅटरसाठी आखलेल्या बॉक्समध्ये जरा पुढे उभं राहायचं. बॅट प्लेटच्या पुढे धरली की बॉल फाउल, म्हणजे रेषेबाहेर, जायची शक्यता कमी होते. आणि हे फार महत्त्वाचं, कारण दोन स्ट्राइक झाल्यावर, म्हणजे तीनपैकी दोन संधी गेल्यावर, बंट फाउल गेला तर बॅटर सरळ आउट.

आता सगळ्यात जास्त वेळ जिथे द्यायला हवा ते. बॅट स्ट्राइक झोनच्या (प्लेटवरची, साधारण गुडघ्यांपासून छातीपर्यंतची जागा) वरच्या टोकाला धरायची, बॅरल हातांपेक्षा थोडं वर, हात पुढे पण कोपर जरा सैल, डोळे बॅटच्या जवळ. बॉल बॅटच्या वरून आला तर तो स्ट्राइक नाहीच, सोडून द्यायचा. खाली आला तर गुडघे वाकवायचे, बॅट खाली पाडायची नाही. बॅरल खाली पडलं की बॉल हवेत उडतो, पिचर किंवा कॅचर आरामात झेल घेतो आणि बेसवरून पळत सुटलेला आपला रनर पण मध्येच अडकतो. तुझ्या पोरांना हे क्रिकेटमधून पटकन कळेल, स्पिनरला पुढे येऊन सॉफ्ट हँड्सने बॉल पायाशी मारून टाकतात ना, तेच हात इथे हवेत, फक्त बॅट आडवी. बॉलला ढकलायचं नाही, बॅटवर झेलायचा. त्यासाठी आधी बॅट बाजूला ठेव आणि वरच्या हाताने, उघड्या पंज्याने टेनिस बॉल झेलायला लाव, नंतर त्याच हातात बॅट दे.

दिशा खालचा हात ठरवतो. उजव्या बॅटरने हँडल पोटाकडे ओढलं की बॉल डावीकडे थर्ड बेसच्या बाजूला, पुढे ढकललं की उजवीकडे फर्स्टच्या बाजूला. हा कोन बॉल यायच्या आधी ठरलेला असला पाहिजे, ऐनवेळी मनगट फिरवलं की गेलंच. रनर फर्स्टवर असेल तर फर्स्टकडे, कारण तिथला फील्डर रनरला धरून बेसजवळ थांबलेला असतो. रनर सेकंडवर असेल तर थर्डकडे, म्हणजे थर्डवाल्याला बेस सोडून पुढे यावं लागतं. मैदानावर दोन्ही रेषांच्या आत फक्कीने एकेक पट्टा आखून दे आणि बॉल त्यातच थांबला पाहिजे म्हणून सांग. आणि सॅक्रिफाइस (स्वतः आउट होऊन रनरला पुढच्या बेसवर नेणं) असेल तर आधी बंट, मग पळणं, घाईत अर्धं पळत बॅट लावणारी पोरं इथेही भरपूर आहेत.

कुणीतरी तुला आकडेवारी दाखवेल. इथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये फर्स्टवर रनर आणि एकही आउट नाही अशा स्थितीत त्या इनिंगमध्ये पुढे सरासरी साधारण 0.9 रन होतात, सेकंडवर रनर आणि एक आउट असेल तर साधारण 0.7, म्हणजे आउट देऊन घाटाच. 2022 पासून त्यातल्या नॅशनल लीगमध्येही पिचरच्या जागी बॅटिंग करणारा डेझिग्नेटेड हिटर आल्यावर तर तिथे बंट फारच कमी झालाय. हिशोब बरोबर आहे, पण तो त्या लीगचा आहे. शाळेच्या मॅचमध्ये बंट लागला की पिचर, कॅचर, थर्डवाला तिघे एकदम धावतात, कुणी ओरडत नाही, आणि थ्रो कुठेतरी भलतीकडे जातो. शिवाय बंट काही फक्त बळी द्यायला नसतो. इथल्या मोठ्या लीगमधला रॉड कॅर्यू बंटवर हिट काढण्यात उस्ताद होता, आणि 1972 मध्ये त्याने एकही होमरन न मारता बॅटिंग टायटल (सगळ्यात जास्त बॅटिंग सरासरीचा मान) घेतलं. जपानमध्ये तर ही कलाच मानतात, मासाहिरो कावाईने 2003 मध्ये अमेरिकेच्या एडी कॉलिन्सचा 512 सॅक्रिफाइसचा आकडा मागे टाकला आणि 533 वर थांबला. तुझ्या टीममधल्या त्या बारीक अंगाच्या पोरांना हे जरूर सांग, ज्यांना वाटतं आपल्याकडून काय होणार.

स्क्वीझ मात्र इतक्यात शिकवू नको. थर्डवरचा रनर पिचरच्या हातातून बॉल सुटतानाच होमकडे पळतो, म्हणजे बॅटरला कसाही बॉल असो बॅट लावावीच लागते, नाहीतर रनर मेलाच. ज्यांची बॅट वर राहते आणि डोळे उघडे राहतात त्यांनाच, आणि ते पण पुढच्या सीझनला.

रोज प्रॅक्टिसच्या सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं दे, शेवटी नको, दमलेलं पोर गुडघे वाकवत नाही. आणि व्हिडिओ पाठव, पण बाजूने काढलेला, गुडघे आणि बॅरल दोन्ही दिसले पाहिजेत. वहिनींना नमस्कार, पिंकीची दहावी कशी चाललीय ते पण लिही.

तुझा,
मंदार