तपासणी बंद खोलीत, ऐकायचे मात्र बर्डीवर

महोदय,

ज्येष्ठांसाठी नागपुरात अधूनमधून कानाच्या तपासणीची शिबिरे भरतात, कुठे कुठे श्रवणयंत्रेही मोफत मिळतात. उपक्रम चांगलाच आहे. पण आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची यंत्रे डबीसकट कपाटात पडून आहेत. असे का होते, हे शिबिर भरवणाऱ्यांपैकी कुणी विचारायला आलेले नाही.

आमच्या काकाजींचेच घ्या. घरात समोरासमोर बोलले तर त्यांना सगळे समजते. बर्डीवरच्या गजबजलेल्या बाजारात मात्र ऑटोवाला 'साठ' म्हणतो, हे 'आठ' ऐकतात आणि दहाची नोट पुढे करतात. लग्नाच्या लॉनवर डीजे सुरू झाला की नुसती मान डोलावतात. मग नातेवाइकांचा शेरा ठरलेला, "काकाजींना कामापुरतंच ऐकू येते बरं!" त्यांच्या तपासणीच्या कागदावर मात्र 'वयोमानानुसार ठीक'.

कागद खोटा नाही. हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे बारीक आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचे. शांततेत किती हळू आवाज ऐकू येतो, एवढेच त्यातून कळते. गलक्यातून बोलणे वेचणे हे काम निराळे. त्यात कानाइतकाच मेंदूचाही वाटा असतो. वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणून 'स', 'श' गळतात. साधे यंत्र बोलण्याबरोबर हॉर्नही मोठा करते, मग माणूस वैतागून ते काढून ठेवतो.

२००९ साली अमेरिकेत शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांचे कान चाचणीत पूर्ववत ठरले. पण आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी आणि तो मेंदूकडे नेणारे श्रवणतंतू यांच्यातले जोड काही भागांत निम्म्यापर्यंत कायमचे नष्ट झाले होते. माणसांमध्ये हे कितपत घडते यावर संशोधकांचे एकमत नाही. तरी वरातीत स्पीकरच्या भिंतीला खेटून नाचणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवे.

गलक्यात मिसळलेले अंक ऐकवून ते ओळखायला लावणारी चाचणी जगात रुळली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मोबाइल अ‍ॅपमध्ये हीच पद्धत आहे. तिला आवाजबंद खोलीही लागत नाही. आपल्या शिबिरांत ती मराठीतून, विदर्भातल्या बोलीच्या वळणाने घेतली जावी. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांनी यात पुढाकार घेतल्यास स्वयंसेवी संस्थाही मागे राहणार नाहीत. आणि यंत्र दिल्यावर महिनाभराने त्याच माणसाला परत बोलवावे, बाजारात ते घालून फिरता येते का हे विचारून आवाज जुळवून द्यावा. तेवढी तरतूद नसेल तर यंत्रे थोडी कमी वाटली तरी चालतील.

— एक वाचक, धंतोली, नागपूर