सागवानाचे तुकडे चुलीत घालू नका

संपादक महोदय,

मी मूल तालुक्यातला सुतार. चौकटी, दारं करून पोट भरतो आणि उरलेल्या तुकड्यांवर लेथ (लाकूड फिरवून गोल कातायची मशीन) चालवतो. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान आमच्या बल्लारपूरहून गेलं, त्याचा केवढा गाजावाजा झाला! पण त्याच जातीचं वीतभर लाकूड इथे सर्रास चुलीत जातं.

वीतभर तुकड्यात काय नाही होत? टोकांवर दोन कर्ण आखून मध्य काढायचा, वाकसाने (तासायच्या हत्याराने) कोपरे उडवायचे, आधी मशीन हळू ठेवायची, गोल आलं की वेग वाढवायचा. मुठी, खुंट्या, मुसळी, तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात त्या लाकडी नंदीची चाकं, सगळं निघतं. भोवऱ्याला मात्र बाभूळच. सागवान हलकं पडतं. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, ब्रशची गरज नाही. ओलं लाकूड घेऊ नये, टोकाकडून तडकतं. ताजे तुकडे टोकांना मेण लावून सावलीत वाळवावे. तोंडाला रुमाल हवाच, सागाच्या भुशाने खोकला लागतो. (घरची मंडळी भुशावरून बोलतात ते वेगळं.)

पोळ्याला बाजारात प्लास्टिकच्या चाकांचे नंदी दिसतात तेव्हा राग येतो. आरा मशीनवाल्यांनी छाटण जळतणात न टाकता वेगळी काढून किलोवर विकावी. वनखात्याच्या लाकूड डेपोतला अख्खा लॉट आम्हाला परवडत नाही. पोतंभर तुकडे रोख घेऊ.

– एक सुतार, ता. मूल, जि. चंद्रपूर