रिंगमधली दुखापत, खर्च कोणाचा?

मा. संपादक, स.न.वि.वि.

इंदूरला कुस्ती काही नवीन नाही, कृपाशंकर बिश्नोईंसारखा अर्जुन पुरस्कार मिळालेला पैलवान इथलाच, त्यामुळे पोरं आता जिममध्ये एमएमए (म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे-लाथा-कुस्ती सगळं एकत्र), किकबॉक्सिंग शिकतायत तर माझं काहीच म्हणणं नाही. पण शिकवणं वेगळं आणि तिकीट लावून फाइट करवणं वेगळं. जुलै 2022 मध्ये बंगळूरला किकबॉक्सिंगच्या मॅचमध्ये ठोसा लागून म्हैसूरचा एक तरुण मुलगा गेला, जागेवर उपचाराची सोयच नव्हती असा वडिलांचा आरोप होता, पोलिसात केसही झाली.

काही लोक म्हणतात सरकारने यात पडूच नये, परवानगी दिली की जबाबदारी गळ्यात पडते, आणि ते अगदीच खोटंही नाही. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला मागोमेद अब्दुसलामोव हा रशियन बॉक्सर दहा राउंड मार खाऊन हरला. अशा फाइटवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य सरकारच्या कमिशनचे डॉक्टर तिथे हजर, तरी हा माणूस हॉस्पिटलात गेला तो टॅक्सीने! मेंदूत रक्त साकळलं, कायमचा परावलंबी झाला आणि 2017 मध्ये राज्याने 2 कोटी 20 लाख डॉलर देऊन केस मिटवली, म्हणजे टॅक्स भरणाऱ्यांच्याच खिशातून. ही केस मिटायच्या आधीच, 2016 ला, तिथे प्रोफेशनल एमएमएला परवानगी देताना प्रत्येक फायटरच्या मेंदूच्या जिवावरच्या दुखापतीसाठी आयोजकाने 10 लाख डॉलरचा विमा काढायचा अशी अट घातली.

पण आपल्याकडे कमिशन नाही म्हणून पैसे वाचतात असं थोडंच आहे? डोक्याला मार लागलेला मुलगा रात्री शेवटी इथल्या सरकारी एमवाय हॉस्पिटललाच येणार, सीटी स्कॅन, ऑपरेशन, आयसीयू सगळं सरकारी खर्चात, आणि तिकिटाचे पैसे आयोजकाच्या गल्ल्यात. लाउडस्पीकर लावायचा तर परवानगी लागते हो, इथे तर माणसाचं डोकं आहे.

माझं म्हणणं एवढंच की प्रशासनाने विम्याचा कागद बघितल्याशिवाय परवानगी देऊ नये, अँब्युलन्स दारात उभी हवी आणि ती पेशंट घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत पुढची फाइट बंद. आणि डॉक्टर आयोजकाने आणलेला नको, फी आयोजकाने आधी जमा करावी पण डॉक्टर सिव्हिल सर्जनने नेमावा, म्हणजे फाइट थांबवताना त्याला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. मेंदूतला रक्तस्राव कधी कधी तासाभराने कळतो, आधी नुसतं डोकं दुखतं, म्हणून फाइट संपल्यावरही डॉक्टरने लगेच घरी जाऊ नये.

आपला,
एक वाचक, इंदूर