सायटेशन कळली, पाणी कुठले ते कळले नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पर्यावरण रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांचे नाव ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां’त आल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. शोधनिबंध किती, सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले संदर्भ) किती, एच-इंडेक्स किती, सगळे होते. शाल-श्रीफळाचा फोटोही होता. त्यांनी शोधले काय, याची मात्र एक ओळ नव्हती. मी तीस वर्षे हाच विषय शिकवला, त्यामुळे प्राध्यापकांचे अभिनंदन मनापासून; तक्रार बातमीबद्दल आहे.

स्टॅनफोर्डचे जॉन इओॲनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतल्या नोंदींवरून ही यादी काढतात. स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळून काय उरते, तेही त्यात पाहता येते, हे बरे. एच-इंडेक्स हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला: एच ४० म्हणजे निदान ४० निबंधांना प्रत्येकी निदान ४० संदर्भ मिळालेत. आकडा खोटा नसतो. पण तो मोजतो काय?

आमच्या क्षेत्रात हो आणि मॅकाय या दोघांचा १९९९ चा एक निबंध आहे. पाण्यातले धातू पीटसारख्या (दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या मातीसारख्या) पदार्थावर किती वेगाने चिकटतात, याचे एक समीकरण त्यात मांडले आहे. त्याची सायटेशन हजारोंच्या घरात आहेत. कारण सोपे आहे. शेंगांची टरफले, संत्र्याची साल, लाकडाचा भुसा, उसाचे चिपाड, जे हाताला लागेल ते जाळून कोळसा करायचा, रंगाच्या पाण्यात हलवायचा, रंग किती वेगाने चिकटतो ते मोजायचे आणि आकडे या समीकरणात बसवायचे. आलेखात वेळ दोन्ही अक्षांवर येतो, त्यामुळे रेष सरळ येण्याकडेच कल असतो. आर-स्क्वेअर, म्हणजे आकडे रेषेला किती जुळतात त्याचे माप, ०.९९ आला, की निबंध तयार आणि हो-मॅकाय यांच्या खात्यात आणखी एक संदर्भ. गंमत म्हणजे याच हो यांनी २००४ मध्ये एक वेगळा निबंध लिहिला. अशाच चिकटण्याच्या वेगावरच्या लागरग्रेन यांच्या १८९८ च्या मूळ लेखाचा हवाला लोक कसा चुकीचा देतात, याची झडती त्यांनी त्यात घेतली. मूळ लेख न उघडताच दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलला, की चूकसुद्धा जशीच्या तशी उतरते. मोजताना मात्र तेही एक सायटेशनच.

हात माझेही स्वच्छ नाहीत. माझ्या एका विद्यार्थ्याने चिपाडाच्या कोळशावर मिथिलिन ब्लू हा निळा रंग घेतला होता. संध्याकाळपर्यंत गडद निळे पाणी असे निवळायचे, की क्युव्हेट (मोजणीची छोटी काचनळी) डिस्टिल्ड वॉटरची आहे का, असा प्रश्न पडावा. आम्ही खूश. मग मीच म्हटले, नाल्याचे पाणी आण. पोरगा इचलकरंजीचा. कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसच्या मागच्या नाल्यातून कॅन भरून आणला. कोळसा टाकला, रात्रभर शेकर चालू ठेवला. सकाळी पाणी तसेच, तांबूस-जांभळे. सुती कापडाला बहुधा रिॲक्टिव्ह रंग लागतात, त्यांचा भार ऋण. मिथिलिन ब्लू धनभारित, म्हणून तो चिपाडाच्या ऋणभारित कोळशाला पटकन चिकटतो. शिवाय नाल्यात मीठ, कॉस्टिक, सायझिंगची खळ हे सगळे होते. निबंध आम्ही मिथिलिन ब्लूवरच छापला. कॅनचा उल्लेख केला नाही. वर निबंध तपासणाऱ्या एका परीक्षकाने स्वतःच्याच गटाचे पाच निबंध संदर्भात घाला म्हणून कळवले, तेही मुकाट्याने घातले.

सायटेशन म्हणजे थोतांड, असे मला म्हणायचे नाही. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांचीही सायटेशन हजारोंनी आहेत. १९८८ पासून ते बंगालमध्ये गावोगाव फिरले, नलिकाविहिरींचे पाणी आणि माणसांचे केस, नखे, लघवी तपासत राहिले. पश्चिम बंगालच्या सहा जिल्ह्यांतल्या भूजलात आर्सेनिक असल्याचा त्यांच्या गटाचा निबंध १९९४ मध्ये आला. पुढे बांगलादेशातल्या विहिरींचे नमुनेही त्यांनी तपासले. २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्याबद्दल लिहायचे तर एच-इंडेक्सपासून कुणी सुरुवात करणार नाही, विहिरींपासूनच करेल.

पंचगंगेच्या तेरवाड बंधाऱ्यावर मासे मेल्याच्या बातम्या आपणच छापता. दोन टक्क्यांची बातमीही आपणच छापता. पुढच्या वेळी सत्काराला जाणाऱ्या वार्ताहराने तेवढे विचारावे, की सर, पाणी कुठले घेतले होते? उत्तर ‘डिस्टिल्ड’ असले तरी छापा, त्यात लाज काही नाही. मूलभूत कामही लागतेच.

तो विद्यार्थी आता एका कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर आहे. तिथे कोळसा नाही, चुना आणि फेरस (लोहाचा क्षार) वापरतात. आमच्या निबंधाला नवा संदर्भ मिळाला, की त्याच्या मोबाइलवर सूचना येते. मग तो मला फोन करून सांगतो, “सर, अजून एक,” आणि आम्ही दोघेही हसतो.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर