होम नको, तर मग दीड हजार ताटं तरी कशाला?

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हे बोलणं नीट होईना. तू एक बोलतोस, मागून तुझी आई दुसरं बोलते, आणि मुद्द्याचं तेवढं राहून जातं. म्हणून लिहितोय. सावकाश वाच आणि तिलाही वाचायला दे. यातलं बरंचसं तुम्हा दोघांनी मिळून ठरवायचं आहे.

आधी तुझ्या मनातली धाकधूक काढतो. तुला होम नको, भटजी नकोत, मुहूर्त नको, पत्रिका जुळवायची नाही, हे मला मान्य आहे. मी माळकरी माणूस. आषाढीला पंढरपूर चुकलं तर मला वर्षभर चुकल्यासारखं होतं. पण ज्याच्यावर तुझा विश्वास नाही त्याच्यापुढं चार लोक बघतात म्हणून तू हात जोडावेस, हे मला पटत नाही. अग्नीला साक्षी ठेवून तू जे बोलशील ते तुला स्वतःला खरं वाटत नसेल, तर त्या पोरीशी संसाराच्या पहिल्याच दिवशी तू खोटं बोललास असं होईल. माझ्या श्रद्धेची मला किंमत आहे म्हणूनच ती तुझ्याकडून नाटकात करून घ्यावीशी वाटत नाही. तुझ्या आईलाही मी हेच सांगितलंय. तिला वाईट वाटलं, पण ती रागावलेली नाही.

मला लागलं ते तुझं पुढचं बोलणं. सकाळी नोंदणी लग्न, संध्याकाळी कराडच्या मोठ्या कार्यालयात रिसेप्शन, दीड हजार माणूस, एलईडी पडदा, ड्रोन, आदल्या रात्री डॉल्बी लावून हळद, त्याच्याआधी कासला फोटोशूट. अरे, लग्नाच्या खर्चात भटजींची दक्षिणा, समिधा आणि तूप किती? काही हजार. तेवढं तू विचार करून काढलंस आणि लाखांचं जे आहे त्याला हातही लावला नाहीस. देव आहे का, हे तू विचारलंस, तुझा तो अधिकारच आहे. पण 'एवढी माणसं नाही बोलावली तर लोक काय म्हणतील' हे तू कुठल्या पुराव्यावर मान्य केलंस? मुहूर्तावर माझा विश्वास आहे तसा तुझा त्या दीड हजार ताटांवर आहे, असंच मला दिसतंय.

हिशेब मांडतो. कार्यालयवाले ताटाचे अडीचशे सांगतात, तेही साध्या जेवणाचे. दीड हजार ताटांचे झाले पावणेचार लाख. टनाला ३,१०० रुपये धरले तर हा १२० टन ऊस. आपल्या रानात एकरी चाळीस टन पडतो. म्हणजे तीन एकरांतला आडसाली ऊस, दीड वर्ष रानात उभा राहिलेला, एका संध्याकाळी जेवणात गेला. यात खत, पाणी, लागण, भांगलण काहीच वजा केलेलं नाही. ते धरलं तर पाच एकरसुद्धा पुरणार नाहीत. अजून कार्यालयाचं भाडं, सजावट, फोटोवाला, बँड, फेटे, गाड्या यांना मी शिवलोच नाही. ते पैसे तुझ्या पगारातून जातील, हे तू म्हणालास. पण तिकडच्या बाजूचे कुणाच्या पगारातून जातील, हे विचारलंस का? पोरीचे वडील 'आमची हौस आहे' म्हणतात. मुलीच्या बापानं दुसरं काय म्हणायचं? एकदा तू एकटा त्यांच्याकडं जा, दुकान बंद झाल्यावर बस आणि विचार. मी गेलो तर ते व्याही म्हणून बोलतील, खरं सांगणार नाहीत. जो काही खर्च होईल तो दोन्ही घरांनी निम्मा निम्मा करायचा, हे माझ्या बाजूनं पक्कं आहे.

आपल्या भावकीत काय झालं ते तू पाहिलंयस. पोरीच्या लग्नाला पतसंस्थेचं कर्ज काढलं. पोरगी दोन लेकरांची आई झाली तरी हप्ते चालू आहेत. त्या लग्नात काय जेवण होतं ते आज गावात कुणाला आठवत नाही.

आणि ज्यांच्यासाठी एवढं करायचं ती माणसं लग्नाला येतात तरी कशी? दुपारी साडेबाराचा मुहूर्त म्हणून माणूस ऊन डोक्यावर घेऊन येतो. मग माईकवरून नेत्यांची नावं सुरू होतात. हे येतायत, ते निघालेत, यांचा सत्कार, त्यांच्या शुभेच्छा. अक्षता पडतात दोनला. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळत उभी. मला मुहूर्ताचं वाटतं म्हणून हे जास्त खुपतं. ज्यांनी मुहूर्त काढला तेच तो पाळत नाहीत, आणि तुझ्यासारख्यानं मुहूर्त नाकारून तेच सत्कार ठेवले, तर दोघांत फरक काय राहिला? तुझ्या लग्नात माईक कुणा पुढाऱ्याच्या हातात जाणार नाही, एवढं मला वचन दे.

आता नोंदणीचं. ओळखीचा एजंट तुला काय म्हणाला ते तू सांगितलंस: हार घातलेला फोटो काढा, भटजींची सही मी आणतो, दाखला हातात देतो. हे अजिबात करू नकोस. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात लग्न दोघांपैकी एकाच्या रूढ विधींनी व्हावं लागतं. ते विधीच झाले नसतील तर नुसत्या दाखल्यानं लग्न सिद्ध होत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या एप्रिलमध्ये स्पष्ट सांगितलंय. तामिळनाडूत १९६७ साली त्या कायद्यात ७-अ कलम घालून भटजीशिवायच्या स्वाभिमान विवाहाला मान्यता दिली. महाराष्ट्रात तसं कलम नाही. म्हणजे ज्याला विधी मान्य नाहीत त्यानं विधी झाल्याचं लिहून द्यायचं, आणि तो कागदही उद्या कच्चा निघायचा. तुझ्या विचाराशीही हे बेइमानी होईल.

तुझा रस्ता १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची. तू पुण्यात, ती कराडला, तेव्हा पुणे नाहीतर सातारा. आपल्या सांगलीत चालणार नाही. पुढं तीस दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. तीन साक्षीदार लागतात. त्यांच्यासमोर आणि अधिकाऱ्यासमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं एक वाक्य बोलायचं. एवढं बोललं की बाकी लग्न कुठल्या रीतीनं लावायचं ते तो कायदा तुमच्यावर सोडतो. जादा फी भरून अधिकाऱ्याला कचेरीबाहेर, जवळपासच्या जागी बोलावताही येतं. म्हणजे सकाळी कचेरीत गुपचूप सही आणि संध्याकाळी रोषणाई, असं दोन तुकड्यांत करायची गरज नाही. जे खरं लग्न तेच लोकांनी बघावं.

'मग विधी नाही तर लग्नात बघायचं काय?' असं तुझ्या आईनं विचारलं. प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच मुलखात आहे. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलं. सावित्रीबाई नायगावच्या. १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं लग्न लागलं. ओतूरला तर असं लग्न लावलं म्हणून गावच्या जोशांनी, म्हणजे भटजींनी, दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला, आणि ते प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. जोतीरावांनी मंगलाष्टका मराठीत लिहिल्या आणि त्या वधू-वरांनी एकमेकांना म्हणायच्या ठेवल्या. मला हे फार मोठं वाटतं. आपल्या लग्नात सगळे बोलतात, नवरा-नवरीच तेवढी गप्प असतात. एक मात्र ध्यानात ठेव, जोतीराव नास्तिक नव्हते, ते निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानत. तेव्हा कुणाची तरी छापील शपथ घेऊन वाचू नकोस. तुम्ही दोघं बसा आणि आपली शपथ आपण लिहा. घरातलं काम, पगार, दोघांचे आईबाप, पोरं कधी हवीत, हे सगळं त्यात येऊ दे. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या अंनिसचे कार्यकर्ते अशी लग्नं लावून देतात. लागली तर त्यांची मदत घे.

दुसरं कुंडलचं. ते तर आपल्या शेजारचंच. नाना पाटलांचं प्रतिसरकार तिथून १९४३ ते ४६ या काळात चाललं ते तू शाळेत शिकलास. त्या लोकांनी इंग्रजांशी लढता लढता गावोगाव गांधी विवाह लावले. हुंडा नाही, बडेजाव नाही, थोडक्या खर्चात लग्न. त्यांच्यातले कितीतरी विठ्ठलाचे भक्त होते. त्यांचा झगडा देवाशी नव्हता. लग्नापायी सावकाराच्या दारात जाणारा माणूस त्यांना थांबवायचा होता. म्हणून म्हणतो, साधं लग्न ही एकट्या नास्तिकाची गोष्ट नाही. तू आणि मी इथं एका बाजूला उभे राहू शकतो.

मंगळसूत्राचं तुझ्या आईनं मनाला लावून घेतलंय. घालायचं की नाही ते त्या पोरीनं ठरवावं. तू तिच्या वतीनं 'नको' म्हणू नकोस आणि आम्ही 'हवंच' म्हणणार नाही. मी रयतच्या शाळेत शिकलो. कर्मवीरांच्या बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. सौभाग्यात त्या कुणापेक्षा कमी होत्या असं आमच्या शाळेत कुणाला वाटलं नाही. हे मी तुझ्या आईला सांगितलं तेव्हा ती गप्प राहिली. तिला वेळ दे.

मानपानाच्या साड्या आणि टॉवेल-टोप्या बंद. या घरातून त्या घरात जातात, कपाटात राहतात आणि पुढच्या लग्नात तिसऱ्याला नेसवल्या जातात. पत्रिकेत आहेर स्वीकारणार नाही असं लिही, आणि मग खरंच स्वीकारू नकोस.

पण सगळंच काढून टाकू नकोस, हेही तेवढ्याच जोरानं सांगतो. जात्यावरची हळद राहू दे. आजीला अजून ओव्या येतात, आणि तिच्यानंतर घरात कुणाला येत नाहीत. तिच्या ओवीत राम येईल, पंढरी येईल. ती तुला विश्वास ठेव म्हणत नाही, नुसती ऐक म्हणतेय. तुझ्या आईला पालीच्या खंडोबाची तळी भरायची आहे. ती आम्ही घरी भरू. तू त्यात बसू नकोस, पण 'हे कशाला' असंही म्हणू नकोस. तुझ्या नकाराला मी मान दिला, तिच्या होकाराला तू दे.

आणि हळदीचा विषय निघालाच आहे तर आत्याचं बोलायचंय. आई दवाखान्यात होती तेव्हा तुला अंगाखांद्यावर तिनं वाढवलं. दाजी गेल्यापासून घरातल्या एकाही लग्नात ती हळदीला पुढं आलेली नाही. स्वयंपाकघरात राबते आणि मांडवात शेवटच्या रांगेत बसते. कुणी तिला हाकलत नाही, पण कुणी हाकही मारत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. ठराव होतात, पण घरातल्या बाईचा हात धरून तिला पुढं आणायचं काम घरातल्याच माणसानं करायचं असतं. तू रूढी मानत नाहीस ना? मग तुझ्या नास्तिकपणाचा पहिला उपयोग इथं कर. पहिली हळद तिच्या हातची लागू दे. भावकीतलं कुणी बोललं तर त्याला उत्तर मी देईन.

माणसं किती, तर तुझ्या नावानं ओळखणारी आणि तिच्या नावानं ओळखणारी. दोन्हीकडची मिळून दोनशेच्या वर जात नाहीत, मी आईला घेऊन यादी करून बघितली. आपल्या वस्तीवरच मांडव घालू. नोटीस पुण्याला दिलीत काय नि साताऱ्याला दिलीत काय, अधिकारी एवढ्या लांब, दुसऱ्या जिल्ह्यात येणार नाहीत. मग नोटीस साताऱ्यालाच देऊन लग्न कराडजवळ पोरीच्या घरच्या अंगणात लावू आणि जेवण इकडं ठेवू. हे तिच्या वडिलांशी बोलून घे. वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, फोटो, हे दोघांचे कागद आत्ताच काढून ठेवा. उसाची तोड कार्तिकात सुरू होईल आणि मला टोळीकडं बघावं लागेल, तेव्हा त्याच्याआधीची नाहीतर फेब्रुवारीनंतरची तारीख कळव. तीन साक्षीदारांत एक सही आत्याची घ्यायची आहे. मी तिला अजून विचारलेलं नाही. तिला तू स्वतः फोन कर.

तुझे
अण्णा