इंग्रजीचे सुटे शब्द नकोत, बोलायची वाक्यं छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रोज इंग्रजीचे पाच शब्द आणि समोर मराठी अर्थ येतो, ते सदर मी नेमाने वाचतो, आमच्याकडची काही पोरं तर त्याची कात्रणं वहीत चिकटवतात, म्हणून हे पत्र. सदर बंद करू नका, पण पद्धत बदला, एवढीच विनंती आहे. सुटा शब्द आणि पुढे त्याचा अर्थ, हे कितीही पाठ केलं तरी माणूस बोलायला लागत नाही हो.

मी दिंडोरी तालुक्यात एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये डिस्पॅच बघतो. जानेवारी ते एप्रिल आमचा सीझन, माल बराचसा युरोपला जातो. पॅकिंगला येणाऱ्या बऱ्याच बायकांची शाळा सातवी-आठवीतच सुटलेली, पण लाइनवर जरा उभं राहून ऐका, "ताई, हे पनेट अंडरवेट आहे बघ", "या लॉटचा ब्रिक्स (म्हणजे गोडी) कमी येतोय, सुपरवायझरला बोलवा", "पॅलेट प्रीकूलिंगला गेलं का?" हे सगळं अगदी बरोबर, जिथल्या तिथे. पनेट म्हणजे काय हे त्यांच्याकडून कुणी पाठ करून घेतलं नाही, हातात ती अर्ध्या किलोची डबी होती, समोर वजनकाटा होता आणि दिवसभर तोच शब्द कानावर पडत होता, बसला डोक्यात.

आता त्याच पॅकहाउसच्या ऑफिसात या. तिथली पोरं ग्रॅज्युएट, क्लास लावलेली, यादीतले अवघड अवघड शब्द तोंडपाठ. मागच्या सीझनला रॉटरडॅमच्या एका बायरचा फोन आला की कंटेनर गुरुवारी भरून निघेल का, आणि आमच्या पोराने सरळ सांगितलं, "नो सर, नॉट पॉसिबल." माहिती खरी होती, पण समोरच्याला वाटलं यांना काम करायचंच नाहीये, आणि मग मॅनेजरला अर्धा तास फोनवर समजूत काढावी लागली. म्हणायचं होतं ते असं: "आय ॲम अफ्रेड थर्सडे वोन्ट वर्क, बट वी कॅन लोड ऑन सॅटरडे." यातला एकही शब्द त्याला नवा नव्हता, पण अफ्रेड म्हणजे घाबरलेला एवढंच त्याच्या वहीत, नकार द्यायच्या आधी तो शब्द मऊपणासाठी लावतात हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. यात त्या पोराचा दोष काय?

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावी होईपर्यंत दहा वर्षं इंग्रजी होतं, आणि तरी बँकेच्या काउंटरवर इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची वेळ आली तर पोरं मागे सरकतात, मला याचं फार वाईट वाटतं. मराठीत आपल्याला भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, पण ताप येतो आणि राग येतो, हे आपण कुठल्या तक्त्यावरून शिकलो? घरात ऐकलं तसं बोललो. इंग्रजीतही कुठला शब्द कुणाच्या सोबतीने येतो हे वाक्यातच कळतं, डिसिजन मेक करतात आणि होमवर्क डू करतात, आपल्याकडे दोन्हीला करणेच, मग नुसता अर्थ पाठ करणाऱ्याने कुठलं कुठे लावायचं ते ठरवायचं कसं?

यादीला माझा सरसकट विरोध नाही हेही सांगतो. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ होते, त्यांनी ब्रिटिश काळात ढाक्याला बरीच वर्षं काम केलं, पुढे १९५३ मध्ये त्यांची साधारण २००० नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. काय आधी शिकवायचं हे ठरवायला अशी यादी उपयोगाचीच, कारण रोजच्या बोलण्यात तेच ते शब्द फिरून फिरून येतात. पण तुमच्या सदरात बऱ्याचदा असे शब्द असतात जे साताऱ्यापासून सातपूरपर्यंत कुणाला वर्षभर लागणार नाहीत, आणि गेट, टेक, पुट, टर्न असले साधे शब्द कधीच नसतात, जे खरं तर सगळ्यात जास्त अडवतात.

तर करा असं की रोज पाच शब्दांऐवजी पाच-सहा ओळींचं एक बोलणं छापा, आपल्या नाशिकमधलंच. नाशिकरोड स्टेशनवरून पंचवटीला जायला रिक्षा ठरवणारा पाहुणा, अंबडच्या कंपनीत पहिल्या दिवशी गेलेला आयटीआयचा मुलगा, हॉस्पिटलात रिपोर्ट कधी मिळेल विचारणारी बाई. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, रामकुंडावर परदेशी माणूस वाट विचारेल तेव्हा "गो स्ट्रेट" च्या पुढचं दोन वाक्यांचं उत्तर आपल्या रिक्षावाल्या दादांना, फूलवाल्या मावशींना आलं तर त्यांचाही धंदा होईल आणि पाहुणाही नीट पोचेल. आणि आजचं वाक्य चार दिवसांनी दुसऱ्या प्रसंगात परत येऊ द्या, मग पंधरा दिवसांनी पुन्हा, एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच दाखवून दिलंय की एकदा पाठ केलेलं किती भराभर विसरतं आणि अधूनमधून उजळणी केली की टिकतं.

अजून एक, आपल्याकडे प्रीपोन, आउट ऑफ स्टेशन हे सर्रास चालतं आणि ते चूक आहे असं मी म्हणत नाही, पण बाहेरच्या माणसाला ते पटकन कळत नाही, तेवढी खूण बाजूला दिलीत तर बरं. उच्चार देताना कुठल्या अक्षरावर जोर तेही ठळक छापा, कम्फर्टेबल आपण लिहितो तसं पूर्ण कुणी बोलत नाही.

पॅकहाउस, कोल्ड स्टोरेज, ट्रान्सपोर्ट, क्लिअरिंग एजंट यांच्याशी रोज होणारी बोलणी मी लिहून पाठवायला तयार आहे, मानधन नको. पहिली दोन-तीन या महिन्यातच देतो, आवडली तर छापा, आणि इंग्रजीच्या एखाद्या चांगल्या शिक्षकाकडून तेवढी तपासून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक
दिंडोरी, जि. नाशिक